‘चेक’ या शब्दाचा माग: इंग्रजी शब्दाचे मूळ आणि अर्थ कसे शोधावेत

एखाद्या नेहमीच्या इंग्रजी शब्दाचे मूळ शोधायला बसलेला वाचक बहुधा एकाच प्रश्नाचे उत्तर घेऊन उठतो: हा शब्द कोणत्या भाषेतून आला? चांगला कोश हाताशी असेल तर या प्रश्नाचा निकाल अर्ध्या मिनिटात लागतो. त्याहून अवघड, आणि माझ्या मते अधिक रंजक, प्रश्न पुढे असतो. त्याच शब्दाला एकमेकांशी काहीही नाते नसल्यासारखे दिसणारे पाच-दहा अर्थ कसे चिकटले, आणि एका अर्थापासून दुसऱ्या अर्थापर्यंत तो कोणत्या वाटेने गेला? ही वाट शोधण्याची रीत दाखवण्यासाठी मी ‘चेक’ हा शब्द घेतला आहे. बँकेत वटवायचा चेक, कापडावरचे चेक्स, बुद्धिबळातला चेक, ओढ्यावर बांधलेला चेक डॅम आणि ‘हिशेब एकदा चेक कर’ या वाक्यातला चेक हे सारे मुळात एकाच शब्दाचे वंशज आहेत. मराठी वाचकासाठी यात आणखी एक गंमत अशी, की या घराण्याचा मूळ पुरुष आपल्याकडे दुसऱ्या वाटेने येऊन ‘शह’ या नावाने केव्हाच स्थायिक झाला आहे.

आधी वाक्ये जमवावीत, अर्थ नंतर

सुरुवातीलाच कोश उघडला तर त्यातील क्रमांकित अर्थांची रांग पाहून दडपण येते आणि आपणही त्याच रांगेत विचार करू लागतो. म्हणून प्रथम कोऱ्या कागदावर त्या शब्दाची आपल्याला ठाऊक असलेली वाक्ये व जोडशब्द लिहून काढावेत, आणि प्रत्येकापुढे त्या ठिकाणी कोणता मराठी शब्द बसेल ते मांडावे. ‘चेक’साठी असे केल्यावर माझ्या कागदावर तपासणे, रोखणे, आवर घालणे, शह, धनादेश, चौकटीची नक्षी, बरोबरची खूण, सामान ठेवल्याचा बिल्ला आणि अमेरिकन उपाहारगृहातील बिल असे नऊ शब्द आले. शब्द एक आणि प्रतिशब्द नऊ, ही स्थिती दिसली की समजावे, शोध घेण्याजोगे काहीतरी आहे.

या यादीत जी वाक्ये नेहमीच्या अर्थाने वाचता येत नाहीत त्यांच्याखाली रेघ मारून ठेवावी, कारण जुना अर्थ बहुधा अशाच आडबाजूच्या प्रयोगांत टिकून राहिलेला असतो. चेक डॅममध्ये कोणी पाण्याची तपासणी करत नाही; तिथे वाहते पाणी अडवले जाते. यंत्रशास्त्रातील चेक व्हॉल्व्ह द्रवाला उलट दिशेने जाऊ देत नाही. आइस हॉकीत खेळाडू प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देऊन थोपवतो, त्यालाही चेकच म्हणतात. राज्यघटनेच्या चर्चेत येणारे ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ म्हणजे सत्तेच्या एका अंगाने दुसऱ्याला घातलेला आवर. ही चार उदाहरणे शेजारी शेजारी ठेवली की कोश न उघडताही एक अंदाज बांधता येतो: ‘तपासणे’ हा आज सर्वांत रुळलेला अर्थ असला तरी तो मूळचा नसावा आणि ‘रोखणे’ त्याच्या आधीचा असावा.

सारखे दिसणारे पण परके शब्द बाजूला काढावेत

ही पायरी इंग्रजी वाचकापेक्षा मराठी वाचकाला अधिक गरजेची आहे, कारण देवनागरीत लिहिताना इंग्रजीतील वर्णभेद पुसले जातात. ‘चेक’ असे लिहिले की त्यात तीन निरनिराळ्या वर्णलेखनांचे शब्द एकत्र येतात. पहिला ‘सी-एच-ई-सी-के’, दुसरा ब्रिटिश पद्धतीने लिहिलेला, ‘क्यू-यू-ई’ने संपणारा बँकेचा चेक, आणि तिसरा मध्य युरोपातील चेक लोकांचे व त्यांच्या भाषेचे नाव. यांपैकी पहिले दोन सख्खे आहेत. तिसऱ्याचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही. ते एका स्लाव्ह लोकसमूहाने स्वतःला दिलेले नाव असून इंग्रजीत ते पोलिश वर्णलेखनाच्या धर्तीवर लिहिले जाते.

हे वेगळेपण ओळखायचे कसे? छापील कोशात मूळ भिन्न असलेल्या शब्दांना स्वतंत्र नोंदी दिलेल्या असतात आणि वर्णलेखनही एकच असेल तर नोंदीला वरच्या बाजूस लहान अंक जोडलेला असतो. एकाच नोंदीखाली आलेले अर्थ हे एका शब्दाचे अनेक अर्थ. वेगवेगळ्या अंकांच्या नोंदी हे योगायोगाने सारखे झालेले शब्द. मात्र एकाच मुळाच्या नामाला आणि क्रियापदालाही काही कोश स्वतंत्र अंक देतात, तेव्हा केवळ अंकावर न विसंबता प्रत्येक नोंदीची व्युत्पत्ती वाचून खात्री करावी.

व्युत्पत्तीचा परिच्छेद कसा वाचावा

कोणता कोश कोणत्या क्रमाने अर्थ देतो, हे त्याच्या प्रस्तावनेतून आधी समजून घ्यावे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी हा 1884 पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊन 1928 मध्ये पहिल्यांदा पूर्ण झालेला महाकोश अर्थ ऐतिहासिक क्रमाने मांडतो आणि प्रत्येक अर्थाखाली कालक्रमाने अवतरणे देतो. मेरियम-वेब्स्टरही जुना अर्थ आधी ठेवतो. भाषा शिकणाऱ्यांसाठी केलेले कोश मात्र सर्वांत प्रचलित अर्थ पहिला देतात, आणि तिथला पहिला अर्थ सर्वांत जुना समजण्याची चूक फार जण करतात.

व्युत्पत्तीचा मजकूर सहसा चौकटी कंसात आणि संक्षेपांनी गच्च भरलेला असतो. ‘एमई’ म्हणजे मध्य इंग्रजी, ढोबळ मानाने 1150 ते 1500 या काळातील. ‘ओएफ’ म्हणजे जुनी फ्रेंच. डावीकडे टोक असलेले बाणासारखे चिन्ह ‘पासून’ या अर्थाचे. आणि एखाद्या रूपाआधी तारका असेल तर ते रूप कुठेही लिहिलेले सापडलेले नसून अभ्यासकांनी तुलनेने सिद्ध केलेले आहे, असे समजावे. तारका असलेले रूप आणि नसलेले रूप यांत पुराव्याचा फरक असतो, आणि वाचणाऱ्याने तो विसरू नये. सोबत दिलेले साल ही शब्दाची जन्मतारीख नसते. उपलब्ध लेखनात तो पहिल्यांदा जिथे आढळला ते ते साल असते, आणि बोलण्यात तो त्याआधी किती दिवस फिरत होता हे त्यावरून ठरत नाही.

‘चेक’ची वाट उलट्या दिशेने चालत गेल्यास अशी दिसते: मध्य इंग्रजी ‘चेक’, त्याआधी जुनी फ्रेंच ‘एशेक’, त्याआधी मध्ययुगीन लॅटिन ‘स्काकस’, त्याआधी अरबी ‘शाह’ आणि त्याआधी फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. शब्द इंग्लंडात पोहोचला तो 1066 च्या नॉर्मन विजयानंतर रुळलेल्या फ्रेंचमधून, आणि बुद्धिबळाच्या पटासोबत. राजावर हल्ला होताच खेळाडूने ‘शाह!’ असे म्हणून प्रतिस्पर्ध्याला सावध करायचे, ही त्या खेळातील घोषणा होती. म्हणजे इंग्रजीत ‘चेक’ आला तो ‘राजा’ या अर्थाने नव्हे. ‘राजा धोक्यात आहे’ अशी हाळी म्हणून आला. इंग्रजी लेखनात हा प्रयोग 14व्या शतकात चांगला रुळलेला दिसतो. कवी चॉसरने नियतीला खेळाडू कल्पून तिच्या तोंडी हीच घोषणा घातली आहे.

वाट आणखी मागे न्यायची असेल तर फारसी ‘शाह’चे प्राचीन रूप ‘ख्शायथिय’ हे आहे. इसवी सनापूर्वी 520 च्या सुमारास इराणचा सम्राट पहिला दारयवहू (दारियस) याने बेहिस्तुनच्या कड्यावर कोरविलेल्या लेखात तो स्वतःला ‘राजांचा राजा’ म्हणवतो, तो याच शब्दाने, आणि पुढे त्याचेच ‘शाहनशाह’ झाले. संस्कृतातील ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ हे शब्द त्याच प्राचीन धातूशी नाते सांगतात. मात्र येथे थोडे सावध राहावे. ‘चेक हा शब्द संस्कृतातून आला’ असे यावरून म्हणता येत नाही, कारण फारसी आणि संस्कृत या एका आईच्या दोन मुली आहेत. एकीचे लेणे दुसरीने उसने घेतलेले नाही.

ध्वनी जुळतात का ते पाहावे

दोन शब्द सारखे वाटतात एवढ्यावर त्यांचे नाते ठरत नाही. एका रूपाचे दुसरे रूप होताना झालेला प्रत्येक ध्वनिबदल त्याच भाषेतील इतर शब्दांतही झालेला दाखवता आला पाहिजे. ‘स्काकस’चे ‘एशेक’ होताना आरंभी ‘ए’ आला, कारण जुन्या फ्रेंच बोलणाऱ्यांना ‘स’ने सुरू होणारे जोडाक्षर उच्चारताना आधी स्वराचा टेकू लागत असे. आपल्याकडे ‘स्कूल’चे ‘इस्कूल’ करणाऱ्या जिभेची अडचणही हीच. इंग्रजीने पुढे अनेक शब्दांतील हा टेकू काढून टाकला. म्हणूनच ‘इस्टेट’ आणि ‘स्टेट’, ‘एस्क्वायर’ आणि ‘स्क्वायर’ अशा जोड्या त्या भाषेत आजही नांदतात. ‘एशेक’चे ‘चेक’ झाले ते याच नियमाने, आणि त्याचे अनेकवचन ‘एशेक्स’ आक्रसून ‘चेस’ झाले.

या शेवटच्या वाक्यातून एक लोकप्रिय समजूत निकालात निघते. ‘चेस’ हा शब्द ‘चतुरंग’पासून आला असे पुष्कळदा सांगितले जाते. खेळ चतुरंगापासून पश्चिमेकडे गेला हे खरे. खेळाच्या इंग्रजी नावाचे मूळ मात्र निराळे आहे. ‘चतुरंग’चे मध्य फारसीत ‘चतरंग’ झाले, अरबीत ‘च’ आणि ‘ग’ हे ध्वनी नसल्याने त्याचे ‘शतरंज’ झाले, आणि त्याला अरबी उपपद जोडून स्पॅनिशमध्ये ‘अखेद्रेस’ हे नाव तयार झाले. म्हणजे स्पॅनिश नाव ‘चतुरंग’चे आणि इंग्रजी नाव ‘शाह’चे. जर्मन ‘शाख’ आणि इटालियन ‘स्काकी’ इंग्रजीच्याच बाजूचे आहेत.

अर्थाची साखळी कडीकडीने जोडावी

ही सर्वांत कष्टाची पायरी आहे आणि सर्वांत आनंदाचीही. नियम एकच ठेवावा: दोन अर्थांच्या मधली कडी अशा वाक्यात दाखवता आली पाहिजे, जिथे जुना आणि नवा असे दोन्ही अर्थ लागू पडतात. अर्थ उडी मारत नाही. अशा दुहेरी वाक्यांच्या पुलावरून तो पलीकडे सरकतो.

शह बसला की खेळाडूला मनात योजलेली चाल बाजूला ठेवून राजाला वाचवावेच लागते. पटावरची ही सक्ती पटाबाहेर नेली की ‘अचानक अडवणूक’ हा अर्थ मिळतो. वाटचाल करणाऱ्या सैन्याला ‘चेक’ मिळाला असे म्हटले, तर त्यात बुद्धिबळाची प्रतिमाही आहे आणि साधे ‘अडवणे’ही आहे. प्रतिमा विसरली गेली की उरते ते निव्वळ रोखणे. बहिरी ससाण्याने शिकार करणाऱ्यांच्या बोलीत हा शब्द ससाणा नेमून दिलेले सावज सोडून मध्येच दुसऱ्याच पक्ष्यामागे गेला, या प्रसंगासाठीही वापरला जाई. फ्रेंचमध्ये मात्र तोच शब्द पराभवाच्या बाजूला झुकला, आणि आज फ्रेंच ‘एशेक’ म्हणजे अपयश.

क्षणिक अडवणुकीकडून कायमच्या आवराकडे जाणे सोपे होते. घोड्याला आवरणारा लगाम जसा ‘चेक’, तसा मनाला आवरणारा विवेकही ‘चेक’. पुढची कडी बारकाईने पाहण्यासारखी आहे. आवर कशाला घालायचा, तर चुकीला आणि लबाडीला. आणि हिशेबातील लबाडीला आवर घालण्याचा उपाय म्हणजे तो दुसऱ्या नोंदीशी ताडून पाहणे. ‘कारकुनावर चेक ठेवणे’ या प्रयोगात वचक आणि पडताळणी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आहेत. अशाच प्रयोगांतून 17व्या शतकात ‘तपासणे’ हा अर्थ स्वतंत्र झाला. आज जो अर्थ आपल्याला सर्वांत मूळचा वाटतो तो असा साखळीत बराच उशिरा आलेला आहे.

ताडून पाहण्यासाठी हातात काहीतरी ठेवावे लागते, म्हणून ‘चेक’ हा शब्द त्या वस्तूलाही लागू झाला. सामानाला बांधलेल्या बिल्ल्याचा अर्धा भाग मालकाकडे राही. तो जुळला तर सामान मिळे. पावसाने बेसबॉलचा सामना बंद पडला तर प्रेक्षकाला पुन्हा प्रवेशासाठी मिळणारा ‘रेन चेक’ याच जातीचा. बँकेच्या व्यवहारात ‘चेक’ म्हणत ते प्रथम स्थळप्रतीला, म्हणजे कागदाच्या मागे राहणाऱ्या तुकड्याला, कारण फसवणूक पकडण्याचे साधन तेच होते. 18व्या शतकात हे नाव स्थळप्रतीवरून फाडून दिलेल्या कागदावर सरकले आणि तिथेच राहिले. शब्द असे शेजारच्या वस्तूवर घरंगळतात, तेव्हा मूळ वस्तू विस्मरणात जाते आणि नाते तुटल्यासारखे दिसते.

येथे क्षणभर मराठीकडे वळून पाहणे उपयोगाचे आहे. फारसीतून थेट आलेला ‘शह’ मराठीतही पटावरून उतरला आणि ‘एखाद्याचा डाव रोखणे’ या अर्थाने राजकारणात शिरला. ‘काटशह’ हा शब्द तर आपण स्वतः घडवला. म्हणजे मराठी आणि इंग्रजी या भाषांनी एकमेकींना न विचारता तीच पहिली पायरी गाठली. हिंदीत मात्र ‘शह देना’ म्हणजे चिथावणे किंवा पाठबळ देणे, जवळजवळ उलट. ‘मात करणे’ यातील ‘मात’ही याच पटावरची आणि ‘चेकमेट’मधील ‘मेट’ तिची बहीण. अरबी जाणणाऱ्यांनी ‘शाह मात’चा अर्थ ‘राजा मेला’ असा लावला. फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, निरुपाय झालेला. खेळाचा नियम पाहता फारसी अर्थ मला अधिक पटतो, कारण पटावरील राजा मारला जात नाही; त्याला जायला जागा उरत नाही, एवढेच.

भावंडांचा शोध घ्यावा

एकाच मुळाचे इतर शब्द तपासल्याने आपल्या साखळीची परीक्षा होते. ‘एशेक’पासून जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’ म्हणजे बुद्धिबळाचा पट असा शब्द झाला. त्या पटाच्या चौकटींवरून कापडाच्या नक्षीला ‘चेकर’ आणि पुढे ‘चेक’ हे नाव मिळाले, म्हणून शर्टावरच्या चेक्सचा रोखण्याशी संबंध शोधत बसू नये. ती फांदी खोडाजवळूनच वेगळी झाली.

दुसरे भावंड ‘एक्सचेकर’, म्हणजे इंग्लंडच्या राजाचा खजिना. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या पदनामात तो शब्द आजही आहे. 12व्या शतकात तिथे शेरीफांकडून, म्हणजे परगण्यांतील राजाच्या अधिकाऱ्यांकडून, वसुलीचा हिशेब घेतला जाई तो सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद मेजावर, रेघांनी आखलेले काळे कापड अंथरून. रोमन अंकांत बेरीज-वजाबाकी करणे जिकिरीचे असल्याने पेनी, शिलिंग, पौंड आणि त्यापुढच्या पटींचे उभे रकाने धरून त्यांत सोंगट्या मांडल्या जात. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने 1170 च्या दशकाच्या अखेरीस या कचेरीच्या कामकाजावर लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यात नावाचे कारण सांगताना तो पटाशी असलेल्या साम्यावर थांबत नाही. पटावर जसे दोन राजे लढतात तसे येथे खजिनदार आणि शेरीफ लढतात, असेही म्हणतो. हिशेबतपासनीसासमोर बसलेल्या कोणालाही हे पटेल. ‘एक्सचेकर’मधील ‘एक्स’ मात्र चुकीने घुसलेला आहे: आरंभीचा ‘एस’ हा लॅटिन ‘एक्स’चा अपभ्रंश असावा, असे समजून कोणा विद्वानांनी तो ‘दुरुस्त’ केला. बँकेच्या चेकचे ब्रिटिश वर्णलेखनही याच ‘एक्सचेकर’च्या छायेत बदलले, अमेरिकेने जुने, साधे रूप ठेवले.

गोड कथांना पुरावा मागावा

प्रसिद्ध शब्दांभोवती कथा जमतातच. बँकेचा चेक अरबी ‘सक्क’ या शब्दापासून आला, ही त्यांपैकी सर्वांत वजनदार. मध्ययुगीन इस्लामी जगात पैसे देण्याच्या लेखी आदेशाला ‘सक्क’ म्हणत आणि तो व्यवहारात होता, हे खरे आहे. परंतु नात्यासाठी वस्तूंचे साम्य पुरत नाही. इंग्रजीतील जुन्या प्रयोगांनी ते दाखवले पाहिजे. इंग्रजीत हा शब्द आधी स्थळप्रतीसाठी येतो, आणि ‘पडताळ्याचे साधन’ या अर्थाशी त्याचा सांधा उघड दिसतो. ‘सक्क’ पटकन पटतो तो ध्वनी आणि अर्थ दोन्ही जवळचे असल्यामुळे, आणि नेमक्या अशाच वेळी मधल्या कड्या मागायच्या असतात. शब्दाची आद्याक्षरे सोडवून दाखवणाऱ्या कथांवर तर वेळच घालवू नये. तशी शब्दरचना 20व्या शतकाआधी अगदी विरळ होती.

शेवटी साखळी भाषांतरात लावून पाहावी

सारी टिपणे झाल्यावर पहिल्या कागदावरील प्रत्येक वाक्य साखळीतील कोणत्या कडीवर बसते ते त्याच्यापुढे लिहावे. एखादे वाक्य कुठेच बसत नसेल तर साखळीत कडी राहिली आहे किंवा तो परका शब्द आहे. याचा व्यवहारी उपयोग ‘अनचेक्ड’सारख्या शब्दापाशी होतो. रोगाचा प्रसार ‘अनचेक्ड’ राहिला तर मराठीत ‘अनिर्बंध’ किंवा ‘बेलगाम’ हवे. यादीतील नावे ‘अनचेक्ड’ राहिली तर ‘न पडताळलेली’. अर्जातील चौकोन ‘अनचेक्ड’ असेल तर ‘खूण न केलेला’. आणि विमान प्रवासातील ‘अनचेक्ड’ सामान म्हणजे बिल्ला लावून कंपनीकडे न सोपवता प्रवाशाने सोबत ठेवलेले. चारही ठिकाणी ‘न तपासलेले’ असे लिहिणारा भाषांतरकार तीन वेळा चुकतो.